तालुक्यातील नवउद्यम आणि त्याचे भांडवल

(जिल्हास्तरीय कार्यशाळेत अधिकारी, शिक्षक व पंचायतराज संस्थांचे सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयावर बोलण्यासाठी एखाद्या अर्थतज्ज्ञाला अथवा अभियंत्याला पाचारण केले असते तर ते अधिक उचित झाले असते. मी कला शाखेचा पदवीधर. माहिती खात्यात नोकरी करतो. योजनांची माहिती लोकांपर्यंत पोहोचवणे आणि लोकांनी काय करून दाखवले ते शासनापर्यंत व समाजापर्यंत नेणे, हे माझे काम. या कामानिमित्त जिल्ह्यात फिरताना जे दिसले, तेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका अवर्षणप्रवण तालुक्यातील एका तरुणाची यशोगाथा मी लिहिली. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन तो गावी परतला होता. गावाच्या जलकुंभातील पाण्याची पातळी मोजणारे, कुंभ भरताच पंप बंद करणारे आणि पाणीपुरवठा कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर संदेश धाडणारे एक यंत्र त्याने तयार केले होते. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, त्याच गावात रात्री टाकी भरून पाणी वाहून जाते, हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. अकरा गावांत त्याची यंत्रे बसली. आणखी चाळीस यंत्रांची मागणी आली. मी मोठ्या उत्साहाने लेख लिहिला, छायाचित्र छापून आले, सत्कारही झाला.

पुढे सात-आठ महिन्यांनी त्याच रस्त्याने जात असता मी त्याच्या पत्र्याच्या शेडसमोर गाडी थांबवली. दाराला कुलूप होते. शेजारच्या दुकानदाराने सांगितले, "साहेब, तो पुण्याला नोकरीला लागला." यंत्र बिघडले म्हणून अथवा मागणी नव्हती म्हणून हे घडले नव्हते. मागणी होती, ती पुरी करण्यास लागणारा पैसा नव्हता. बँकेने तारण मागितले. शहरातील गुंतवणूकदाराने, ही बाजारपेठ लहान आहे, असे सांगितले. आणि जी यंत्रे बसली होती, त्यांतील काहींची देयके मंजुरीच्या वाटेवर अडकली होती.

माझी यशोगाथा खोटी नव्हती. पण ती अर्धीच होती. उरलेला अर्धा भाग आज सांगावयाचा आहे.

नवउद्यम म्हणजे काय?

ज्याला सर्वत्र स्टार्टअप म्हणतात, त्याला आपण नवउद्यम म्हणू. किराणा दुकान काढणे हा उद्योग आहे. परंतु तो नवउद्यम नव्हे. एखाद्या अडचणीवर नव्या तंत्राने किंवा नव्या पद्धतीने तोड काढून ती शेकडो ठिकाणी लागू करता येईल अशी मांडणी करणारा व्यवसाय, तो नवउद्यम. त्यात आशा मोठी असते आणि धोकाही मोठा असतो. दुकानदाराला पहिल्या आठवड्यात गल्ला दिसतो. नवउद्यमीची पहिली दोन-तीन वर्षे बहुधा खर्चातच जातात.

केंद्र शासनाने १६ जानेवारी २०१६ रोजी स्टार्टअप इंडिया उपक्रमाचा प्रारंभ केला. महाराष्ट्राने २०१८ साली आपले स्वतंत्र नावीन्यपूर्ण स्टार्टअप धोरण स्वीकारले आणि राज्य नावीन्यता सोसायटी स्थापन केली. केंद्राची मान्यता मिळालेल्या नवउद्यमांच्या संख्येत आपले राज्य देशात अग्रभागी राहिले आहे. याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु या संख्येचा मोठा भार मुंबई महानगर आणि पुणे यांनीच उचलला आहे, हेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पुण्याच्या बाबतीत हे घडण्यास कारणे आहेत. १९५० साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा तेथे उभी राहिली. १९८८ मध्ये सी-डॅक आली व १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तेथे तयार झाला. पुढे हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान क्षेत्र विकसित झाले. विद्या, कारखाने व कुशल मनुष्यबळ ही तिन्ही एकत्र आली, की भांडवल मागोमाग येते. ज्या तालुक्यात यांपैकी एकच गोष्ट आहे, तेथे काय करावयाचे, हा आपला प्रश्न होय.

प्रश्न जुना, अनुभवही जुना

हा प्रश्न आपल्यापुढे प्रथमच उभा राहिलेला नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली. ज्याला जेवढे शक्य असेल त्याने तेवढे द्यावे, किमान एक पैसा द्यावा, आणि त्या निधीतून देशी उद्योग उभा राहावा. लोकमान्य टिळकांनी या कार्यास पाठबळ दिले. त्यातून १९०८ साली तळेगाव येथे काचेचा कारखाना उभा राहिला. त्या कारखान्याने जशी काच तयार केली तसेच काचकामातील कारागीरही तयार केले.

दुसरे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. बेळगावातील जागा सोडण्याची वेळ आली तेव्हा औंधच्या अधिपतींनी त्यांना आपल्या संस्थानात जमीन दिली आणि कर्जही दिले. १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. माल तयार होता, पण गिऱ्हाईक पटत नव्हते. अशा वेळी धीर धरणारे भांडवल पाठीशी नसते, तर तो कारखाना नांगरासहित माळावरच राहिला असता.

तिसरे उदाहरण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. सभासद शेतकऱ्यांचे भाग, तत्कालीन मुंबई सरकारचा भांडवली सहभाग आणि औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज, अशा तीन धारा तेथे एकत्र आल्या.

या तिन्ही उदाहरणांत पैशाचे स्वरूप निरनिराळे आहे. परंतु एक गोष्ट समान आहे. पैसा देणारा माणूस उद्योगाच्या जवळचा होता. त्याला ती भूमी, ते लोक आणि ती गरज ठाऊक होती.

राज्यनिर्मितीनंतर हाच विचार शासनाने धोरणरूपाने पुढे नेला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आली. १९६६ मध्ये सिकॉमची स्थापना झाली. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर उद्योग जावेत हा त्यामागील हेतू. त्यातून भूखंड, पाणी, वीज व सवलती मिळाल्या. आज मात्र नवउद्यमाला भूखंडाची निकड कमी आणि तारणाशिवाय मिळणाऱ्या पैशाची निकड अधिक आहे.

भांडवल अडते कोठे?

शेतीचाच दाखला घेऊ. नांगरणीला लागणारा पैसा, बियाण्याला लागणारा पैसा आणि रास घरी येईपर्यंत घर चालवायला लागणारा पैसा, हे तीन निरनिराळे पैसे आहेत. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

नवउद्यमाचा पहिला पैसा घरचा असतो. वडिलांची शिल्लक, बहिणीच्या बांगड्या, मित्राची उसनवारी. या पैशातून पहिला नमुना तयार होतो. दुसरा पैसा बीजभांडवलाचा. शहरांत तो देणारे वैयक्तिक गुंतवणूकदार असतात. त्यांना देवदूत गुंतवणूकदार असे गोड नाव पडले आहे. तिसरा पैसा साहस भांडवलाचा. तो मोठ्या निधींकडून येतो.

बँक याला पैसा का देत नाही, याबद्दल आपण बँकेवर रागावतो. परंतु बँकेजवळचा पैसा ठेवीदारांचा असतो आणि तो बुडता कामा नये, असा तिचा धर्म आहे. ज्या व्यवसायाला मागील तीन वर्षांचा ताळेबंद नाही आणि यंत्रसामग्री म्हणजे एक संगणक आणि सोल्डरिंगची दोन उपकरणे, त्याला तारणाशिवाय कर्ज देताना शाखाधिकारी कचरतो. यावर उपाय म्हणून केंद्राने २०२२ साली नवउद्यमांसाठी पतहमी योजना आणली. योजना चांगली, पण तालुक्याच्या शाखेत तिची माहिती आहे काय, हे विचारावयास हवे.

साहस भांडवलाचा धर्म याहून निराळा. दहा ठिकाणी पैसा घालावयाचा, त्यांतील बहुतेक बुडतील हे गृहीत धरावयाचे आणि एक-दोघांनी अनेक पट परत द्यावे अशी अपेक्षा ठेवावयाची. म्हणून तो निधी प्रत्येकाला विचारतो, "तू पाच वर्षांत शंभरपट होशील काय?" तीन जिल्ह्यांतील ग्रामपंचायतींना उपयुक्त यंत्र पुरवून पन्नास माणसांना काम देणारा व्यवसाय हा समाजाच्या दृष्टीने उत्तम, परंतु त्या निधीच्या हिशेबात लहान ठरतो. शिवाय हा ओघ ऋतूप्रमाणे बदलतो. २०२१ साली देशातील नवउद्यमांकडे विक्रमी भांडवल आले. २०२२ पासून ते ओसरू लागले आणि २०२३ मध्ये निम्म्याहूनही पुष्कळ खाली गेले. धरणातच पाणी कमी झाले, की कालव्याच्या शेवटच्या टोकाचे शेत प्रथम कोरडे पडते. आपले तालुके त्या टोकाला आहेत.

वाढीचाच भार

आता एक हिशेब मांडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण शिक्षक मित्रांनी ते फळ्यावर जरूर मांडावेत.

एका यंत्राला १८,००० रुपये खर्च येतो व ते २५,००० रुपयांना विकले जाते. चाळीस यंत्रांची मागणी आली. म्हणजे ७,२०,००० रुपये आधी घालावयाचे आणि १०,००,००० रुपये मिळावयाचे. वरवर पाहता २,८०,००० रुपयांचा लाभ. आता समजा, देयके आठ महिन्यांनी मिळाली. घातलेली रक्कम खाजगीतून शेकडा दोन रुपये मासिक व्याजाने आणली असेल, तर व्याज १,१५,२०० रुपये. दोन कामगारांना दरमहा १२,००० रुपयांप्रमाणे आठ महिने वेतन, १,९२,००० रुपये. एकूण ३,०७,२०० रुपये. लाभ तर गेलाच, वर २७,२०० रुपयांचा तोटा. हीच देयके पंचेचाळीस दिवसांत मिळाली असती, तर व्याज व वेतन मिळून ५७,६०० रुपये लागले असते आणि २,२२,४०० रुपये हाती राहिले असते.

तोच माल, तीच मागणी, तोच माणूस; फरक केवळ दिवसांचा. आपण ज्याला कार्यालयीन विलंब म्हणतो, तो त्या तरुणाच्या खात्यात तोटा म्हणून जमा होतो. मागणी जितकी वाढते तितका आधी घालावयाचा पैसाही वाढतो, आणि म्हणून पुष्कळ नवउद्यम मागणीअभावी न मरता मागणीच्या ओझ्याखाली दबून जातात. त्या कुलपामागचे रहस्य एवढेच होते.

शासनाने काय केले आहे?

केंद्राने २०१६ मध्ये दहा हजार कोटी रुपयांचा निधी उभारून त्याचे काम सिडबीकडे सोपविले. तो पैसा थेट नवउद्यमाला न जाता गुंतवणूक करणाऱ्या निधींमार्फत जातो. २०२५ च्या अर्थसंकल्पात तेवढ्याच रकमेच्या आणखी एका निधीची घोषणा झाली. २०२१ साली ९४५ कोटी रुपयांची बीजनिधी योजना आली; तीत मान्यताप्राप्त उबवणी केंद्रांमार्फत नमुना व चाचणीसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाख रुपयांपर्यंत अर्थसाहाय्य देण्याची तरतूद ठेवण्यात आली. गुंतवणुकीवर पडणारा व देवदूत कर म्हणून ओळखला जाणारा कर २०१२ पासून अडचणीचा ठरला होता. तो रद्द करण्याची घोषणा २०२४ मध्ये झाली.

राज्याने २०२४ मध्ये महिलांच्या नेतृत्वाखालील नवउद्यमांसाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने योजना आणली. तीत १ लाख ते २५ लाख रुपयांपर्यंतचे साहाय्य ठेवले आहे. २०२५ च्या नव्या राज्य धोरणात पाच वर्षांत पन्नास हजार नवउद्यमांचे उद्दिष्ट आणि ५०० कोटी रुपयांचा मुख्यमंत्री महाफंड यांचा समावेश आहे.

योजनांची वाण नाही. मात्र बीजनिधीचे दार उबवणी केंद्रातून उघडते. छत्रपती संभाजीनगरात स्थानिक उद्योजकांनी उभारलेले मॅजिक हे केंद्र किंवा पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील व्हेंचर सेंटर ही चांगली उदाहरणे आहेत. परंतु जिल्ह्याच्या दूरच्या टोकाला राहणाऱ्या मुलीला तेथवर पोहोचविणारा कोणी तरी हवा. अर्ज कसा लिहावा, हिशेब कसा मांडावा, भागधारणा म्हणजे काय, आपल्या व्यवसायाचा किती हिस्सा दुसऱ्याला द्यावा, हे सांगणारा माणूस तालुक्यात मिळत नाही. पैशाइतकीच ही उणीव मोठी आहे.

आपल्या हातात काय आहे?

अधिकारी बंधूंना प्रथम विनंती. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म व लघु पुरवठादाराने दिलेला माल स्वीकारल्यापासून, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, आणि करार नसल्यास पंधरा दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तंटा सुकरता परिषदेपुढे नेता येतो. कायदा खाजगी कारखान्याला लागू आहे तसाच तो शासकीय कार्यालयालाही आहे. तरुणांना सांगा, की २०२० पासून सुरू असलेली उद्यम नोंदणी माल देण्यापूर्वीच करून घ्या. ती नसेल तर या कायद्याचा आधार मिळणे कठीण. पण खरे सांगावयाचे तर कोणताही लहान पुरवठादार आपल्या गिऱ्हाइकाविरुद्ध परिषदेत जाण्यास धजत नाही. त्याला पुन्हा त्याच दारी यावयाचे असते. म्हणून कायद्याची वाट न पाहता संचिका वेळेवर हलवणे, हेच सर्वांत स्वस्त अर्थसाहाय्य होय. त्यासाठी वेगळी तरतूद लागत नाही.

दुसरी गोष्ट खरेदीची. मान्यताप्राप्त नवउद्यमांना शासकीय खरेदीत पूर्वानुभव, उलाढाल व बयाणा रक्कम यांबाबत, गुणवत्तेची अट राखून, सवलत देण्याची तरतूद आहे. राज्याच्या स्टार्टअप सप्ताहात २०१८ पासून निवडक चोवीस नवउद्यमांना शासकीय विभागांत प्रयोग करण्यासाठी, प्रारंभी १५ लाख रुपयांपर्यंतचे, कार्यादेश देण्याची पद्धत सुरू झाली. हीच कल्पना लहान प्रमाणात जिल्ह्यात राबविता येईल. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण कामांसाठी लेखाशीर्ष आहे. अर्थात सार्वजनिक पैसा न तपासलेल्या यंत्रावर उधळावा, असे मी सुचवीत नाही. आधी दोन गावांत चाचणी, मोजमापाचे लेखी निकष, तीन महिन्यांनी अहवाल, आणि मगच खरेदी, हा क्रम असावा.

पंचायत सदस्यांना माझे सांगणे असे की, भांडवल म्हणजे केवळ रोकड नव्हे. गावातील वापरात नसलेली खोली, विजेची जोडणी, चाचणीसाठी एक जलकुंभ, एक शाळा, एक गोठा, हेही भांडवलच आहे. औंधच्या अधिपतींनी माळ दिला होता. आपणही काही देऊ शकता. आणि यंत्र चालले अथवा चालले नाही, याचा खरा दाखला द्या. ओळखीपोटी दिलेले प्रशस्तिपत्र त्या तरुणाचेच नुकसान करते.

शिक्षक मित्रांनो, अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना २०१६ पासून चालू आहे आणि देशात दहा हजारांहून अधिक शाळांत त्या स्थापन झाल्या आहेत. जेथे प्रयोगशाळा आहे तेथे तिला कुलूप लागू देऊ नका. आणि मुलांना यंत्राबरोबर हिशेबही शिकवा. उत्पादनखर्च, उधारी, व्याज आणि नफा यांतील फरक आठवीच्या मुलाला सहज कळतो. तो वेळीच कळला असता, तर माझ्या त्या मित्राने पहिल्याच मागणीबरोबर तिसरा हिस्सा आगाऊ मागितला असता.

एक सावधगिरीचा शब्द

बहुसंख्य नवउद्यम टिकत नाहीत. म्हणून कोणाही तरुणाला वडिलोपार्जित जमीन विकून अथवा सावकारी कर्ज काढून यात उडी घेण्याचा सल्ला आपण देऊ नये. अपयश आले तर त्याला नालायक ठरवूही नये. एकदा हरलेला नवउद्यमी दुसऱ्या वेळी अधिक शहाणा असतो. पण दुसऱ्यांदा उभे राहण्याइतकी पत त्याच्याजवळ गावाने शिल्लक ठेवली पाहिजे.

तसेच बाहेरचे भांडवल तालुक्यात येतच नाही, असेही नाही. नाशिक जिल्ह्यातील मोहाडी येथील सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीत २०२२ साली युरोपातील गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये गुंतविले. त्याआधी दहा-बारा वर्षे तेथील शेतकऱ्यांनी मालाची प्रत, नोंदी आणि हिशेब यांची शिस्त जोपासली होती. जवळच्या माणसांनी प्रथम विश्वास टाकला; दूरची माणसे नंतर आली. पैसा फंडापासून आजपर्यंत क्रम हाच दिसतो.

मित्रहो, यापुढे यशोगाथा लिहिताना मी एक नियम पाळण्याचे ठरविले आहे. सत्काराच्या दिवशी लेख लिहावयाचा, आणि वर्षभराने पुन्हा त्या दारी जाऊन दुसरा लेख लिहावयाचा. त्या तरुणाशी मी अलीकडे दूरध्वनीवर बोललो. नोकरी बरी आहे, असे तो म्हणाला. त्याने बसविलेल्या अकरांपैकी काही यंत्रे आजही चालू आहेत. बिघडली की ग्रामपंचायतीचे कर्मचारी त्यालाच फोन करतात आणि तो सुटीच्या दिवशी येऊन ती दुरुस्त करून जातो. शेडची किल्ली त्याने अद्याप जागामालकाला परत केलेली नाही.

अशा किल्ल्या प्रत्येक तालुक्यात कोणाच्या ना कोणाच्या खिशात आहेत. त्या कुलपांना पुन्हा लागाव्यात यासाठी आपल्या टेबलावरची एक संचिका, आपल्या गावची एक खोली, आपल्या वर्गातील एक तास कामी येऊ शकतो. तेवढे आपण कराल, अशी खात्री बाळगून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.